आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन लघुपटांची ऑनलाइन प्रदर्शने

निरनिराळ्या देशांत तयार झालेले अ‍ॅनिमेशन लघुपट निवडून, त्यांचा क्रम लावून, ठरावीक मुदतीसाठी इंटरनेटवरून प्रेक्षकांना दाखवण्याची पद्धत. एखाद्या दिग्दर्शकाने आपला लघुपट स्वतःच्या खात्यावर कायमचा चढवून ठेवणे आणि असे प्रदर्शन भरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनामागे निवड करणारी मंडळी असतात, कार्यक्रमाला सुरुवात आणि शेवट असतो, प्रवेशाच्या अटी असतात आणि बहुधा लघुपट संपल्यावर दिग्दर्शकाशी बोलण्याचीही सोय असते. अशा एका कार्यक्रमात साधारणपणे सहा ते दहा लघुपट येतात व तो सव्वा ते दीड तास चालतो. ऑस्कर पुरस्कार देणारी अमेरिकी अ‍ॅकॅडमी श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते. प्रत्यक्षात महोत्सवांमध्ये दिसणारे बहुतेक अ‍ॅनिमेशन लघुपट पंधरा मिनिटांच्या आत संपतात.

या प्रकाराला इंटरनेटवर एवढे महत्त्व का आले, हे समजण्यासाठी तो आधी कोठे दाखवला जात होता ते पाहावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्य चित्रपटाआधी एखादे कार्टून दाखवण्याची रीत अमेरिका व युरोपातील चित्रपटगृहांत रूढ होती. दूरचित्रवाणी घरोघर पोहोचल्यावर ती रीत मोडली आणि लघुपटाची चित्रपटगृहातील जागा गेली. त्यानंतर त्याला आसरा मिळाला तो महोत्सवांचा. फ्रान्समधील आनसी या तळ्याकाठच्या गावी १९६० मध्ये केवळ अ‍ॅनिमेशनला वाहिलेला महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘असिफा’ ही अ‍ॅनिमेशन कलावंतांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; तिचे पहिले अध्यक्ष कॅनडात काम करणारे नॉर्मन मॅक्लॅरन हे होते. पुढे झाग्रेब (१९७२), ओटावा (१९७६) आणि हिरोशिमा (१९८५) येथेही महोत्सव सुरू झाले. तरीही जो त्या गावी जाऊ शकत नसे त्याला हे लघुपट दिसणे अवघडच होते. चार-पाच वर्षे खपून तयार केलेली सात मिनिटांची कलाकृती जगभरात मिळून काही हजार लोकांनी पाहावी आणि मग ती डब्यात बंद व्हावी, ही स्थिती कित्येक दशके टिकली. महाराष्ट्रात अशी चित्रे पाहण्याचा मार्ग प्रामुख्याने फिल्म सोसायट्यांचा होता. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी जागतिक चित्रपट पाहण्याची सवय लावली. मात्र त्यांच्या कार्यक्रमांत स्वाभाविकपणे मोठ्या चित्रपटांना अग्रक्रम असे.

इंटरनेटवर अ‍ॅनिमेशन इतर चित्रपटांच्या आधी रुळले, याचे कारण तांत्रिक होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती जोडणी टेलिफोनच्या तारेवरून चालत असे आणि चित्रित केलेली दृश्ये तिच्यावरून धडपणे येत नसत. ‘फ्लॅश’ या तंत्रात मात्र रेषा व आकार गणिती स्वरूपात साठवले जात, त्यामुळे काही मिनिटांचे कार्टून अगदी लहान फाइलमध्ये मावे. अ‍ॅटमफिल्म्ससारख्या संकेतस्थळांनी याच काळात लघुपटांचा प्रेक्षक घडवला. पुढे व्हिमिओ (२००४) आणि यूट्यूब (२००५) आल्यावर कोणत्याही तंत्राने केलेले अ‍ॅनिमेशन दाखवता येऊ लागले. एका सार्वजनिक संस्थेचे पाऊल येथे विशेष मोलाचे ठरते. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा या संस्थेने जानेवारी २००९ मध्ये आपले ऑनलाइन प्रेक्षागृह सुरू केले आणि मॅक्लॅरन यांच्यासह आपल्या अनेक कलावंतांचे लघुपट विनामूल्य खुले केले. सरकारी पैशातून झालेली कला लोकांपुढे कशी परत ठेवावी, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ठरावीक मुदतीच्या ऑनलाइन प्रदर्शनाला सर्वत्र चालना मिळाली ती २०२० मधील कोविडच्या साथीमुळे. आनसी महोत्सव एरवी जूनमध्ये सुमारे आठवडाभर चालतो. त्या वर्षी तो १५ ते ३० जून असा संपूर्णपणे ऑनलाइन झाला. स्पर्धेतील लघुपट घरबसल्या पाहता आले आणि लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक बल्गेरियात जन्मलेले, कॅनडावासी कलावंत थिओडोर उशेव यांच्या २७ मिनिटांच्या कृतीला मिळाले. त्याआधी २९ मे ते ७ जून या काळात ‘वी आर वन’ या नावाने वीसहून अधिक महोत्सवांनी मिळून यूट्यूबवर विनामूल्य कार्यक्रम केला होता. त्यात आनसीबरोबर मुंबईच्या मामि महोत्सवाचाही सहभाग होता. आनसीच्या गर्दीतले काही मात्र या मार्गाने येऊ शकले नाही. तेथे खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक कागदाची विमाने करून पडद्याकडे सोडतात, एखादे विमान पडद्यापर्यंत पोहोचले की सभागृह टाळ्यांनी दुमदुमते, आणि पडद्यावर ससा दिसला की सगळे मिळून ‘ससा!’ असे ओरडतात. लघुपटाला हशा कोठे येतो आणि सभागृह कोठे गप्प होते, हे दिग्दर्शकाला अशाच ठिकाणी कळते. ऑनलाइन प्रदर्शनात त्याच्या हाती प्रेक्षकसंख्येचा आकडा आणि चार ओळींचा अभिप्राय येतो. थेट संवाद ठेवायचा तर वेळेचाही प्रश्न असतो: फ्रान्समध्ये उन्हाळ्यात रात्री आठला सुरू होणारा कार्यक्रम भारतात साडेअकराला सुरू होतो. म्हणून दिग्दर्शकाचे मनोगत बरेचदा आधी चित्रित करून लघुपटाला जोडले जाते.

चित्राच्या दर्जाचा प्रश्न अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत अधिक नाजूक आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. चित्रपटगृहासाठीच्या डिजिटल प्रतीत प्रत्येक चौकट, म्हणजे हलत्या चित्रातील प्रत्येक सुटे चित्र (फ्रेम), स्वतंत्रपणे साठवलेली असते आणि माहितीचा वेग सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. इंटरनेटवरून येणारी प्रत बहुधा सेकंदाला पाच ते दहा मेगाबिटवर भागवते. हे साधण्यासाठी ती प्रत्येक चौकट पूर्ण पाठवत नाही. आधीच्या चौकटीपेक्षा जे बदलले तेवढेच पाठवते. स्थिर पार्श्वभूमीपुढे एक पात्र हलत असेल तर ही युक्ती उत्तम चालते. परंतु अ‍ॅनिमेशन लघुपटाचे अनेक श्रेष्ठ प्रकार नेमके याच्या उलट आहेत. काचेवर पसरलेल्या वाळूत बोटांनी चित्र काढणे आणि छायाचित्र घेऊन ते मोडणे, काचेवरचा ओला तैलरंग दर चौकटीला सरकवणे, कोळशाने काढून पुसणे, फिल्मच्या पट्टीवरच सुईने ओरखडे काढणे या तंत्रांत सेकंदाला बारा किंवा चोवीस वेळा संपूर्ण पृष्ठभाग बदलत असतो. कागदाचा पोत, रंगाचा थर, कोळशाची धूळ यांची ती अखंड थरथर हाच त्या कृतीचा प्राण असतो. उशेव यांचा वर उल्लेखिलेला लघुपट मेणमिश्रित रंगांनी चितारलेला आहे. अशा कृतीची प्रत कमी वेगाने पाठवली की पोताच्या जागी चौकोनी ठिपके दिसू लागतात आणि बारीक रेषा विरघळतात. सपाट रंगांचे संगणकीय अ‍ॅनिमेशन त्याच जोडणीवर स्वच्छ दिसते, त्यामुळे घरी पाहणाऱ्याचे मत नकळत त्या बाजूला झुकण्याचा धोका असतो. आवाजाचेही तसेच आहे. शब्दांविना चालणाऱ्या लघुपटात अर्धे कथन ध्वनी करतो, आणि लॅपटॉपच्या लहानशा स्पीकरवर ते अर्धे ऐकूच येत नाही. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हेडफोन लावण्याची आणि खोलीत अंधार करण्याची विनंती करावी, हे यासाठी आवश्यक ठरते.

शब्दांचा हा अभाव मात्र आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला उपकारक ठरला आहे. एस्टोनिया, जपान, चिली किंवा इराणमधील संवादरहित लघुपट कोल्हापुरातील शाळकरी मुलाला उपशीर्षकांशिवाय कळू शकतो. संवाद असतील तेथे उपशीर्षके बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठीत ती फारच क्वचित आढळतात.

हक्कांची बाजू गुंतागुंतीची आहे. महोत्सवात दाखवण्याची परवानगी आणि इंटरनेटवर दाखवण्याची परवानगी या स्वतंत्र बाबी असून लघुपटातील संगीताचे हक्कही काही वेळा इंटरनेटपुरते वेगळे घ्यावे लागतात. शिवाय अनेक महोत्सव प्रथम प्रदर्शनाचा मान मागतात, आणि ऑस्करसाठीची पात्रता मिळण्यापूर्वीच सर्वांसाठी इंटरनेटवर खुला झालेला लघुपट त्या स्पर्धेत अपात्र ठरू शकतो. म्हणून आयोजक प्रदर्शनाला कुंपण घालतात. काही कार्यक्रम एका देशापुरतेच उघडतात, प्रेक्षकसंख्येला मर्यादा असते, मुदत २४ ते ७२ तासांची असते, कधी चित्रावर प्रेक्षकाच्या नावाची पुसट खूण उमटवली जाते. पॅरिसमधील महोत्सवाचे पान उघडल्यावर ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ ही ओळ दिसली की भारतीय प्रेक्षक हिरमुसतो. पण हे कुंपण नसते तर नव्या लघुपटांचे दिग्दर्शक आपली कृती द्यायला तयारच झाले नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. मानधनाची रीत सर्वत्र सारखी नाही. पुष्कळ महोत्सव निवडलेल्या लघुपटाला काहीच देत नाहीत, आणि तिकीट लावूनही ऑनलाइन प्रदर्शनात ही प्रथा तशीच चालवणे न्याय्य नाही.

क्रम लावणे हे आयोजकाचे खरे कौशल्य होय. सलग तीन गंभीर, काळेपांढरे लघुपट ठेवले तर सभागृहातला प्रेक्षक बसून राहतो, घरचा प्रेक्षक मात्र निघून जातो. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत पकड घेणारी कृती, मध्ये सर्वांत लांब व अवघड कृती, आणि त्यानंतर श्वास घ्यायला एखादी दोन मिनिटांची गंमत अशी मांडणी केली जाते. सगळे लघुपट सुटे सुटे ठेवून निवड प्रेक्षकावर सोडण्याची पद्धतही आहे. तीत ओळखीच्या नावांकडेच लोक वळतात आणि विद्यार्थ्यांच्या कृती मागे पडतात. म्हणून एकसंध कार्यक्रम हेच अधिक योग्य रूप मानावे लागते.

दरवर्षी २८ ऑक्टोबर हा दिवस या प्रदर्शनांचे मोठे निमित्त असतो. १८९२ मध्ये याच तारखेला एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर हलत्या करून दाखवल्या. ल्युमिएर बंधूंचा प्रसिद्ध खेळ त्यानंतर तीन वर्षांनी झाला. असिफाने २००२ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. त्यानिमित्त निरनिराळ्या देशांतील शाखा आपापल्या लघुपटांचे कार्यक्रम एकमेकींना देतात, आणि इंटरनेटमुळे ही देवघेव पुष्कळ सोपी झाली आहे. भारतातही असिफाची शाखा हा दिवस साजरा करते.

भारतीय अ‍ॅनिमेशनचा संस्थात्मक पाया मुंबईत घातला गेला. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये आपला कार्टून विभाग सुरू केला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे प्रशिक्षण दिले, आणि जी. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातून पुढे आले. अनुबोधपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवही याच संस्थेने १९९० मध्ये सुरू केला. साथीच्या काळात तिने संग्रहातील चित्रपट आपल्या संकेतस्थळावर व यूट्यूब वाहिनीवर विनामूल्य दाखवले आणि २०२२ च्या मुंबई महोत्सवात सभागृहातील खेळांना ऑनलाइन प्रदर्शनाची जोड दिली गेली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात ही संस्था विलीन झाल्यानंतर तो जुना संग्रहही महामंडळाकडे आला आहे. त्यातील अ‍ॅनिमेशन लघुपटांचे कालक्रमानुसार, मराठी उपशीर्षकांसह कार्यक्रम लावणे आजच्या साधनांनी सहज शक्य आहे.