आयर्विनची पातळी बघायला गेली आणि फोनमध्ये ‘13 व्हायरस’ निघाले

कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत जो तो एकच विचारतो, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती झालं? 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, गावभागातल्या माणसाला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. माझी आत्या तिथंच राहते. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी पाठवलेल्या एका लिंकवरून ती पहाटे उठून पातळी बघायची, आणि दोनच दिवसांत तिच्या फोनवर असं काही सुरू झालं की ती घाबरूनच गेली. फोन हातात घेतला की वरून पट्टी, "तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस सापडले, लगेच साफ करा". ती सरकवली की कर्जाची पट्टी. आणि कुठलंही पान उघडलं की मधोमध गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. बँकेतले पैसे जातील या भीतीनं तिनं फोनच बंद करून कपाटात ठेवला, ऐन पुराच्या दिवसांत, आणि आम्ही इकडून फोन लावतोय तर स्विच ऑफ, जीव नुसता टांगणीला लागला.

दुपारी जाऊन फोन बघितला. व्हायरस एकही नव्हता. आणि ही गोष्ट सगळ्यांनी आधी मनात पक्की करा, ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या साइट उघडायच्या ॲपमध्ये, उघडलेल्या वेबसाइटला तुमच्या फोनच्या आत बघताच येत नाही. ब्राउझर प्रत्येक पान एका बंद पेटीत चालवतो, त्या पानाला बाकीची ॲप, त्यांच्या फायली काही दिसत नाहीत. म्हणजे ‘13 व्हायरस सापडले’ हे कुणीही काहीही न तपासता लिहिलेलं वाक्य आहे, भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखं.

मग ती पट्टी येत कुठून होती? आत्याला विचारलं, लिंक उघडल्यावर काय दाबलंस. म्हणाली, "अरे ते म्हणालं तू रोबोट नाहीस हे दाखवायला अलाव (Allow, म्हणजे परवानगी द्या) दाब, मग दाबलं." इथंच सगळं घडलं. क्रोममध्ये 2015 पासून सोय आहे, एखाद्या साइटला अलाव म्हटलं की ती साइट बंद असली तरी तुम्हाला निरोप पाठवू शकते. सोय चांगल्या कामासाठी केलेली, बातमी आली, मेल आला, कळवा. पण अलावचं बटण रोबोटच्या नावाखाली दाबून घेतलं की तीच सोय जाहिरातवाल्याच्या हातात जाते, आणि ती पट्टी बँकेच्या किंवा व्हॉट्सॲपच्या पट्टीसारखीच दिसते, म्हणून साध्या माणसाला वाटतं की फोनच बोलतोय. क्रोमचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं आत गेलो तर अलावच्या यादीत 11 साइट निघाल्या. सगळ्या ब्लॉक केल्या आणि नव्या साइटनं परवानगी विचारायचीच नाही असं करून ठेवलं. पट्ट्या तिथल्या तिथं थांबल्या.

जुनं पॉप-अप, म्हणजे वेगळी खिडकीच उघडते ते, याच्या आधीचं. 1990च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची साइट होती, तिथं ईथन झकरमन काम करायचे. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर लागली, कंपनी भडकली, तेव्हा जाहिरात त्या पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडू, असा कोड झकरमन यांनी लिहिला. 2014 साली त्यांनी या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. ब्राउझरवाल्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी उपाय काढला होता, माणसानं स्वतः काही दाबलं तरच नवी खिडकी उघडायची, नाहीतर नाही. 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या मोठ्या अपडेटबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही हे आलं. आता जाहिरातवाल्यांना तुमचं बोट हवं झालं. म्हणून ते व्हिडिओच्या प्ले बटणावर पारदर्शक काचेसारखा एक थर टाकतात, तुम्ही दाबता प्ले आणि बोट लागतं काचेवर, पहिल्या वेळी जाहिरात उघडते, दुसऱ्या वेळी व्हिडिओ चालू होतो. ब्राउझरच्या लेखी तुम्हीच दाबलंय.

तर पट्ट्या थांबल्या, पण तेल थांबलं नाही. आत्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, "माझे गुडघे दुखतात हे ह्यांना सांगितलं कुणी?" आणि मला वाटतं इथंच आपली गल्लत होते, तोंडावर येणारी जाहिरात वेगळी आणि आपल्याला ओळखून काढणारी यंत्रणा वेगळी, एकाला औषध केलं म्हणून दुसरी बरी होत नाही.

आत्यानं आठवड्यापूर्वी गुडघेदुखीवर उपाय शोधून चार-पाच पानं वाचली होती. ओळख पटवायचं मुख्य साधन म्हणजे कुकी. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती काढली, एकदा येऊन गेलेला माणूस साइटला परत ओळखता यावा एवढ्यासाठी. आता असं समजा की गणपती पेठेत प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच पेढीचा माणूस वही घेऊन बसलाय, पहिल्या दुकानात त्यानं तुमच्या खिशात नंबरची चिठ्ठी टाकली, आणि पुढच्या प्रत्येक दारात ती चिठ्ठी बघून वहीत लिहितोय, हा नंबर औषधाच्या दुकानात गेला, हा नंबर काठी बघत होता. नाव त्याला माहीत नाही, लागतही नाही. साइट वेगवेगळ्या, पण त्यांच्यावर जाहिरात लावणारी कंपनी एकच, म्हणून हे जमतं, आणि ही जी दारातल्या परक्या माणसाची चिठ्ठी तिला थर्ड पार्टी कुकी म्हणतात.

पुढचं तर आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेल्या माणसाला चटकन कळेल. तुम्ही पान उघडता आणि ते पूर्ण दिसायच्या आत तुमच्या नजरेचा लिलाव होतो. साधारण 100 मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, एवढ्या वेळात मधला अडत्या, इथं तो कॉम्प्युटर असतो, बोली लावणाऱ्या कंपन्यांना नमुना दाखवतो, अमुक फोन, अमुक शहर, हे हे वाचणारी व्यक्ती, बोला. जो जिंकतो त्याची जाहिरात लागते. पण हळदीचा नमुना जसा न घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही बघायला मिळतो तसं इथं हरलेल्या कंपन्यांकडेही तुमची माहिती जाऊन पोचलेली असते. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. जाहिरात एक दिसते, पण आत्याचे गुडघे किती जणांनी बघितले याचा तिला पत्ताच नाही. (शहर ओळखतात ते इंटरनेटच्या पत्त्यावरून, तो पुष्कळदा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या शहरातला निघतो, म्हणून तर सांगलीत बसून पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिराती दिसतात.)

याला औषध काय. फायरफॉक्स या ब्राउझरनं 2019 पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या कुकी आपोआप अडवायला सुरुवात केली, ॲपलच्या सफारी ब्राउझरनं 2020 मध्ये थर्ड पार्टी कुकी सगळ्याच बंद केल्या. क्रोमनं 2020 मध्येच बंद करू म्हणून सांगितलं आणि 2024 मध्ये तो बेत मागे घेतला, त्यामुळं क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ते आपणच बंद करायचं. मी आत्याला फायरफॉक्स टाकून दिला आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी भर, कारण फोनवरचा क्रोम असली एक्स्टेन्शन घेतच नाही. युब्लॉककडं जाहिरातवाल्या पत्त्यांच्या लांबलचक याद्या असतात, पानानं त्यातल्या कुणाला हाक मारली की तो ती हाक बाहेर पडायच्या आतच तोडतो, म्हणजे जाहिरात येत नाही, लिलाव होत नाही आणि डेटाही वाचतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ॲड्स असं असतं, तिथला जाहिरातीचा आयडी पण डिलीट केला, तो कुकीतल्या चिठ्ठीसारखाच, पण ॲपमधून ओळखायचा नंबर. हे सगळं करून शंभर टक्के सुटका होत नाही, स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा असल्या बारीक गोष्टी जुळवूनही फोन ओळखता येतो, पण फरक खूप पडतो.

जाहिरातीशी माझं भांडण नाही. गावातली बातमी फुकट वाचायला मिळते ती जाहिरातीच्या पैशावर, म्हणून जी साइट सरळ जाहिरात लावते तिच्यापुरता मी युब्लॉक बंद ठेवतो. चीड येते ती व्हायरसच्या नावानं म्हाताऱ्या माणसाला घाबरवण्याची. घाबरून कुणी ती पट्टी दाबली, ॲप टाकलं आणि पैसे गेले, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

संध्याकाळी आत्यानं स्वतः पातळी बघितली. पान उघडताना परत ते अलाव विचारणारं चित्र आलं, तिनं बोट तसंच धरून माझ्याकडं बघितलं आणि मागे जायचं बटण दाबलं. मग दुसरीकडं आकडा मिळाला, 38 फूट, उतरतंय. आणि लगेच शेजारच्या काकूंना हाक मारली, "अहो, तुमचा फोन पण घेऊन या, तुम्हाला पण ते 13 व्हायरस आलेत ना?"