कॅलिफोर्नियात सुपरचार्ज्ड गाडीची पॉवर वाढवताना: ईओ नंबर, स्टिकर आणि स्मॉग चेक

गाडीची ताकद वाढवण्यासाठी मालकाने भरायचा असा कुठलाही अर्ज कॅलिफोर्नियात नाही. मंजुरी लागते ती सुट्या भागाला, आणि ती आणायची भाग बनवणाऱ्याने. राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे 'कार्ब', भाग तपासून एक्झिक्युटिव्ह ऑर्डर काढतं. तिलाच सगळे ईओ म्हणतात. नंबर 'डी' अक्षराने सुरू होतो. धुराशी संबंध असलेला भाग ईओशिवाय बसवला, तर वाहन संहितेचं कलम २७१५६ आडवं येतं.

२०१५ ते २०१९ ची कॉर्व्हेट झेड०६ घ्या. ६.२ लिटरचं एलटी४ इंजिन, वर १.७ लिटरचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), कंपनीची ६५० हॉर्सपॉवर. पॉवर वाढवायची पहिली वाट म्हणजे सुपरचार्जर फिरवणारी पुली लहान करणं आणि नवं ट्यून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं बदललेलं सॉफ्टवेअर. पण ईओ 'सुपरचार्जर'ला सरसकट मिळत नाही. त्यात मॉडेल-वर्ष, गाडी आणि इंजिन लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी कार्बच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मूळ ऑर्डर उघडा आणि आपलं वर्ष त्यात आहे का पाहा. विक्रेत्याच्या पानावरचं 'कार्ब प्रलंबित' म्हणजे मंजुरी नाही. मंजूर किटवर नंतर त्याहून लहान पुली चढवली, की स्टिकर जागेवर असलं तरी ईओचं संरक्षण गेलं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या सायलेन्सरला ईओ लागत नाही. आवाजाची ९५ डेसिबलची मर्यादा मात्र आहे.

जवळ ठेवायचं ते इतकंच: ईओची छापील प्रत, भागाच्या नंबरासह बिल, आणि बॉनेटखाली दिसेल असं चिकटवलेलं ईओ स्टिकर. ते खोक्यात राहिलं तर तपासनीसाला नंबर सापडत नाही. हरवलं असेल तर उत्पादकाकडून दुसरं मागवा.

खरी परीक्षा स्मॉग चेकची, म्हणजे राज्याच्या धूर-तपासणीची. आपल्याकडच्या पीयूसीसारखी नळी लावून ती भागत नाही. ८ मॉडेल-वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना दर २ वर्षांच्या तपासणीतून सूट आहे, पण ४ वर्षांपेक्षा जुनी गाडी विकताना प्रमाणपत्र लागतंच. ते ९० दिवस चालतं आणि आणायची जबाबदारी विकणाऱ्याची. १९ जुलै २०२१ पासून ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, सॉफ्टवेअरही तपासलं जातं. त्यामुळे परीक्षेपुरते मूळ भाग परत बसवले तरी बिनमंजुरीचं ट्यून पकडलं जातं.

दुसरी ठेच त्यानंतरची. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं की रेडिनेस मॉनिटर (गाडी आपल्या धूर-यंत्रणेच्या स्वतःच घेते त्या चाचण्यांच्या नोंदी) शून्यावर येतात, आणि लोक त्याच दिवशी तपासणी स्टेशन गाठून नापास होतात. २००० नंतरच्या पेट्रोल गाडीत फक्त इव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफा रोखणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण राहिलेला चालतो. बाकीचे पुरे व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात करून शहरात आणि हायवेवर काही दिवस गाडी चालवावी लागते. भागांच्या मंजुरीवर स्टेशनशी वाद झाला तर स्मॉग चेक रेफरीची वेळ घ्यावी. त्यांची बरीच केंद्रं कम्युनिटी कॉलेजांत आहेत.

ट्यून निवडताना इंधनही विचारा. इथल्या पंपांवर प्रीमियम म्हणजे बहुधा ९१ ऑक्टेन. ९३ साठी लिहिलेलं ट्यून त्यावर नॉक करतं (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देतं), ईसीयू इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि विकत घेतलेली पॉवर उन्हाळ्यात सापडत नाही. लहान पुलीने सुपरचार्जर जास्त फिरतो, हवा आणखी तापते. झेड०६ मुळातच ट्रॅकवर गरम होण्यासाठी बदनाम. तिच्यात आधी कूलिंगवर खर्च केलेला बरा.