पेनरोझना नोबेल कशाचं मिळालं?

रंकाळ्यावर विज्ञानाच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी ठोकूनच देतं : "गुरुत्वाकर्षणामुळं तरंगफलन कोसळतं, पेनरोझना त्याचंच नोबेल मिळालं." न्हाई ओ! ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांचं २०२०चं ते नोबेल कृष्णविवरांवरच्या कामाचं.

तरंगफलन म्हणजे कण कुठं कुठं असू शकतो हे सांगणारं गणित; ते कोसळतं म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरते. गुरुत्वाकर्षणामुळं ते कोसळतं, ही कल्पना अजून सिद्ध झालेली नाही. हंगेरीच्या लायोश दिओशींनी १९८७मध्ये आणि पुढं पेनरोझनी ती मांडली. वस्तू एकाच वेळी दोन जागी असेल, तर त्या दोन स्थितींमधला गुरुत्वीय फरक जितका मोठा, तितकी ती लवकर एकीकडं ठरते, असं त्यांचं म्हणणं. दिओशींच्या गणितानुसार असं कोसळताना विद्युतभारित कणांतून अगदी मंद प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली ऊर्जा, निघायला हवं. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली जर्मेनियमच्या शोधकानं ते धुंडाळलं. अपेक्षेइतकं सापडलं नाही. सर्वांत साधी आवृत्ती तिथंच बाद झाली, तीही २०२०मध्येच! पेनरोझची मूळ कल्पना मात्र त्यानं खोटी ठरत नाही.