दक्षिण आशियाई हृदयाचे कोडे आणि डॉ. सलीम युसूफ यांचे संशोधन : पार्श्वभूमी

भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकार अधिक प्रमाणात होतो, ही शंका जुनी आहे. सिंगापूरमधील शवविच्छेदनाच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच शहरात राहणाऱ्या चिनी लोकांच्या तुलनेत भारतीयांमध्ये हृदयधमन्यांचा विकार कितीतरी पटींनी जास्त आढळला. पुढे लंडनमधील स्थलांतरितांची पाहणी करून पॉल मॅकीग यांनी १९९१ साली त्याचा संबंध पोटावरची चरबी आणि इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणारे शरीर यांच्याशी जोडला.

केरळमधील कोट्टारक्करा येथे जन्मलेले सलीम युसूफ बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. मोजक्या रुग्णांवरून निष्कर्ष काढण्यापेक्षा हजारो रुग्णांवर साधी, पण काटेकोर चाचणी घ्यावी, हा तिथे मिळालेला धडा त्यांनी पुढे कधी सोडला नाही. अमेरिकेतील काही वर्षांनंतर १९९२ साली ते कॅनडात हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात आले.

तिथे सोनिया आनंद यांच्यासह त्यांनी दक्षिण आशियाई, चिनी आणि युरोपीय वंशाच्या ९८५ कॅनडावासीयांची तपासणी केली. २००० साली प्रसिद्ध झालेले या तपासणीचे निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारे होते. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार दक्षिण आशियाईंमध्ये सुमारे ११ टक्के, युरोपीयांमध्ये ५ आणि चिनी लोकांमध्ये २ टक्के होते; मात्र सोनोग्राफीत मानेतल्या धमन्यांचा थर सर्वाधिक जाड दिसला तो युरोपीयांचा. म्हणजे केवळ धमन्या किती जाड झाल्या आहेत एवढे मोजून हा फरक उलगडत नव्हता.

मग हा दोष रक्तातलाच, म्हणजे वंशाचा, मानायचा का? युसूफ यांच्या नेतृत्वाखालील ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने २००४ साली याचे बरेचसे उत्तर दिले. पहिल्या झटक्याच्या जोखमीपैकी पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ९४ टक्के वाटा धूम्रपान, रक्तातील मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण यांसारख्या नऊ घटकांचा होता आणि हे घटक जगात सगळीकडे तेच होते. याच माहितीतून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी प्रमुख लेखक असलेला शोधनिबंध २००७ साली आला. दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे, तर इतरत्र ५८.८ वर्षे असल्याचे त्यात दिसले. पण हे घटक आपल्याकडे तरुणपणीच जास्त प्रमाणात आढळतात, हे हिशेबात धरताच ती तफावत बव्हंशी नाहीशी झाली. माझ्या मते युसूफ यांच्या संपूर्ण कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे, कारण जे नशिबाचे वाटत होते ते त्यामुळे आटोक्यातले ठरले. (हे घटक आपल्याकडे इतक्या लवकर का येतात, हा प्रश्न मात्र उरतोच, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वजनाने कमी, पण तुलनेने जास्त चरबी असलेल्या भारतीय नवजात बाळांवर केलेले काम त्याच दिशेचे आहे.)

त्यानंतर ‘प्युअर’ या १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाने २०१४ साली आणखी एक पेच पुढे आणला. जोखमीचे घटक श्रीमंत देशांत सर्वाधिक होते, पण हृदयविकाराचे गंभीर प्रसंग आणि मृत्यू गरीब देशांत जास्त होते. वंशाच्या बरोबरीने आता उपचारांची उपलब्धता चर्चेत आली. रक्तदाबाची तीन औषधे आणि कोलेस्टेरॉलचे एक औषध एकाच गोळीत देण्याचा युसूफ यांचा आग्रह या संदर्भात समजून घ्यावा लागतो. भारतासह अनेक देशांत झालेल्या चाचणीत ही गोळी ॲस्पिरिनसह दिल्यावर हृदयविकाराचे गंभीर प्रसंग सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०२० च्या अखेरीस जाहीर झाले.