पाणी न घालता पसरणारं रोप

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या बागेत कुंपणाकडेला पिवळ्या फुलांचं एक रोप लावलं होतं. "लई छान पसरतंय बघा, पाणीसुद्धा घालायला लागत नाही," माळीमामा कौतुकानं म्हणाले. ते ऐकून मी चपापले. उपद्रवी वनस्पतीची पहिली खूण हीच.

ती सिंगापूर डेझी होती. नावात सिंगापूर असलं तरी तिचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. तिची बोटभर काडी हातात घेऊन बघा. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन चकचकीत पानं, आणि पेर मातीला टेकलं की तिथूनच मुळं फुटलेली. तुटकं पेर ओलीत पडलं तरी नवं रोप उभं राहतं. म्हणजे छाटलेल्या काड्या नाल्यात टाकणं ही तिची लागवडच झाली! पावसाळ्यात नाला ती पेरं कुठच्या कुठं नेतो. आमच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचं रान आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

उशीर केला की काय होतं, ते काँग्रेस गवतानं दाखवलंच आहे. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. आज खानापूर काय, निपाणी काय, रस्त्याकडेला तेच. एका झाडाला 15 ते 25 हजार बिया धरतात. 1984 मध्ये बंगळूर परिसरात त्यावर मेक्सिकन भुंगे सोडले. ते पानं फस्त करतात खरे, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतात.

त्यामुळे बागेत नवी माती, मुरूम किंवा शेणखत जिथं पडलं असेल, तिथं पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी मुद्दाम फेरी मारावी. काँग्रेस गवत तेव्हा गाजराच्या पाल्यासारखं जमिनीसरशी पसरलेलं असतं. हातमोजे घालून, फुलायच्या आत ते मुळासकट उपटावं. अंगाला लागलं तर खाज सुटते.

डेझी आम्ही एप्रिलमध्ये काढली. आदल्या संध्याकाळी पाणी मारून माती मऊ केली, सगळी मुळं खणली आणि ताडपत्रीवर उन्हात पसरली. आठ दिवसांनी मामांनी ढीग उलटला, तर तळाशी एक पेर अजून हिरवंगार होतं.