कळसूबाईच्या उंचीवरचं बेसबॉल आणि रॉकीजचा 2007 चा सीझन

अमेरिकेतलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून 1609 मीटरवर आहे, आणि आपलं कळसूबाई शिखर 1646 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अख्खं शहर वसवा, तिथे कूर्स फील्ड नावाचं पन्नास हजार माणसांचं स्टेडियम बांधा आणि त्यात वर्षाला 81 मॅच खेळा, तर जे होईल ते कोलोरॅडो रॉकीज या टीमचं रोजचं आयुष्य आहे. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर खुर्च्यांची एक रांग मुद्दाम जांभळी केलीये, बरोब्बर एक मैल उंचीची खूण म्हणून.

या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण 18 टक्के विरळ असते. श्वासाला तर ते जाणवतंच, पण बॉलला जास्त जाणवतं. बॉल पुढे जाताना हवा त्याला मागे ढकलते, डेन्व्हरमध्ये ढकलायला हवाच कमी, त्यामुळे समुद्रकिनारी 400 फूट जाणारा फटका इथे साधारण 420 फूट जातो. पण मग हवा 18 टक्के कमी आणि फटका फक्त 5 टक्केच लांब का? कारण फटका मारलेला बॉल उलटा फिरत जातो आणि त्या फिरण्यामुळे हवा त्याला वर उचलून धरते, याला मॅग्नस परिणाम म्हणतात. विरळ हवेत ही उचलही कमी मिळते, म्हणजे एका हाताने मिळालेलं थोडं दुसऱ्या हाताने जातं.

बॅटरचा हा फायदा सगळ्यांना माहितीये, पण पिचरचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचे, हाल त्याहून वाईट आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कर्व्हबॉल, म्हणजे फिरकी देऊन टाकलेला बॉल, खाली वळतो तोही याच मॅग्नसच्या जिवावर, आणि ते बळ हवेच्या घनतेवर अवलंबून असतं. जो बॉल समुद्रकिनारी 18 इंच वळतो तो इथे 14-15 इंचच वळतो. बॅटची जाडी तीन इंचांच्याही आत असते, त्यामुळे या तीन-चार इंचांत बॅटर साफ चुकणार की बॉल स्टँडमध्ये जाणार हे ठरतं.

ग्राउंड बांधतानाच बाउंड्री लांब ठेवली होती, मध्यभागी 415 फूट, तरी 1999 मध्ये या एका ग्राउंडवर 303 होमरन, म्हणजे थेट बाउंड्रीपार गेलेले फटके, लागले. मग 2002 मध्ये ह्युमिडॉर आला, म्हणजे बॉल साठवायची दमट खोली. कल्पना स्टेडियमच्या एका इलेक्ट्रिशियनची, शिकारीला जाताना त्याचे चामड्याचे बूट कोरड्या हवेत कडक झाले तेव्हा त्याला बॉलचं सुचलं, आणि मला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो कारण नीट बघणाऱ्या माणसाला लॅब लागत नाही. बेसबॉलच्या आत रबर-कॉर्कच्या गाभ्यावर लोकरीचा दोरा गुंडाळलेला असतो, वर चामडं. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत तो सुकून टणक होतो आणि जास्त उसळतो. 50 टक्के आर्द्रतेत ठेवला की उसळी कमी होते, बॅटवरून सुटतानाचा वेग थोडा घटतो, आणि चामडंही गुळगुळीत राहत नाही म्हणून पिचरला ग्रिप मिळते. अ‍ॅलन नेथन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉलवर प्रयोग करून हिशोब मांडला, की तिथले होमरन साधारण चौथ्या भागाने घटले ते एवढ्यानेच समजावता येतं.

ह्युमिडॉरने बॉल सुधारला, हवा मात्र तीच राहिली, आणि म्हणूनच मला 2007 चा सीझन एवढा महत्त्वाचा वाटतो. त्या टीमने हवेशी भांडण्यापेक्षा खेळच तसा बसवला होता. एवढ्या मोठ्या मैदानात बॉल फिल्डरांच्या मधे पडणारच, मग फिल्डिंग जबरदस्त पाहिजे, आणि रॉकीजने त्या वर्षी .989 चं फिल्डिंग प्रमाण गाठलं, म्हणजे हजारातल्या 989 वेळा फिल्डिंगमध्ये चूक नाही, जो तेव्हाचा लीगचा विक्रम होता. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, ट्रॉय टुलोविट्झ्की, पहिलंच पूर्ण वर्ष. आणि मुख्य पिचर जेफ फ्रान्सिस, कॅनडाचा, युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकलेला! त्याने 17 मॅच जिंकल्या, त्याही फार वेगाच्या जोरावर नाही तर वेग बदलून, आणि वेगातला फरक विरळ हवेतही तसाच राहतो, वळणासारखा आटत नाही.

सप्टेंबरच्या मध्यात टीम 76 विजय, 72 पराभव अशी, म्हणजे कुणी विचारत नव्हतं. मग पुढच्या 14 पैकी 13 जिंकल्या आणि सॅन दिएगो पाद्रेसशी बरोबरी झाली, म्हणून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कोण जाणार हे ठरवायला 1 ऑक्टोबरला एक जादा मॅच ठेवावी लागली. नेहमीच्या नऊ इनिंगमध्ये निकाल लागला नाही, तेराव्या इनिंगला रॉकीज 6-8 ने मागे, समोर ट्रेव्हर हॉफमनसारखा दिग्गज पिचर. मात्सुईचा डबल, म्हणजे फटका मारून थेट दुसऱ्या बेसवर, टुलोविट्झ्कीचा डबल, मग मॅट हॉलिडेचा फटका उजवीकडच्या भिंतीवर आदळला आणि तो थेट तिसऱ्या बेसवर, 8-8. त्यानंतर एका उंच कॅचवर (बॅटर बाद होतो, पण कॅच झाल्यावर बेसवरचा खेळाडू पळू शकतो) हॉलिडे तोंडावर झेपावत होम प्लेटवर, म्हणजे रन पूर्ण होते त्या जागी, आला, कॅचरच्या हातून बॉल सुटला, 9-8. त्याचा हात प्लेटला लागला का यावर लोक आजही वाद घालतात.

पुढे प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाला 3-0, अ‍ॅरिझोनाला 4-0, एकूण 22 पैकी 21 विजय. मग आठ दिवस मॅच नाही, आणि बोस्टन रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, सलग चार मॅच हरवलं. याला हवा कारण म्हणणं मला पटत नाही, कारण त्यातल्या दोन मॅच डेन्व्हरलाच झाल्या होत्या, बोस्टन तेव्हा सरळ भारी होतं.

हवेचा परिणाम बघायचा तर त्या सीझनचा घर-बाहेरचा हिशोब बघा, घरी 51-31 आणि बाहेर 39-42. घरच्या मैदानावर खेळणं बहुतेक टीमना सोपंच जातं, पण रॉकीजचं आणखी एक असतं, त्यांच्या बॅटरची नजर कमी वळणाऱ्या बॉलला सरावते आणि बाहेर गेलं की तोच बॉल तीन-चार इंच जास्त पडतो, परत नजर बसेपर्यंत दौरा संपत येतो आणि पुन्हा घरी. बाकीच्या टीमना हे वर्षातून थोडेच दिवस सोसावं लागतं, यांना एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सतत.

2022 पासून लीगच्या सगळ्या 30 स्टेडियममध्ये ह्युमिडॉर आहेत, म्हणजे बॉलचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. पण 2025 मध्ये रॉकीज 119 मॅच हरले, मिळवलेल्या रन्सपेक्षा 424 जास्त रन्स दिले. एवढ्या वाईट सीझनला दुबळी टीम जबाबदार आहेच, तरी माझं मत असं की या टीमने पैसा लांब फटके मारणाऱ्यांवर कमी आणि फिल्डरांवर व वेग बदलणाऱ्या पिचरांवर जास्त घालावा, आणि दौऱ्यावर निघायच्या दोन दिवस आधीपासून बॅटरना समुद्रकिनाऱ्यासारखं वळण देणाऱ्या मशीनसमोर उभं करावं.