फोटो काढताना रेडिएशन किती लागते?

छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला आलेले पेशंट हमखास विचारतात, "धोका नाही ना? मग तुमचा माणूस काचेच्या आड का जातो?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे नीट उत्तर मिळावे म्हणून हे पत्रक.

रेडिएशन फक्त आमच्या मशीनमधून येते असे नाही. जमिनीतून, आकाशातून, श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉन वायूतून आणि अन्नातल्या पोटॅशियममधून थोडे थोडे रोज सगळ्यांनाच मिळते. ते मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जगाची सरासरी माणशी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असल्याने तिथल्या अनेकांना याच्या कितीतरी पट मिळते.

आता फोटोचे. छातीचा एक फोटो म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून तीन दिवसांत मिळते तेवढे. हातापायाच्या फोटोला त्याहूनही फार कमी लागते. कमरेच्या मणक्याला मात्र दीड मिलिसिव्हर्टपर्यंत जाते, कारण किरणांना जाड भागातून पार व्हावे लागते. पोटाच्या सीटी स्कॅनला आठ ते दहा, म्हणजे तीन-चार वर्षांचे एकदम. गरज असेल तेव्हा सीटी जीव वाचवतो, तेव्हा घाबरून टाळू नका. पण डॉक्टर नको म्हणत असताना "एकदाचा करूनच टाका" असा आग्रहही धरू नका. किरणांमुळे पेशींना इजा होऊ शकते. थोड्या मात्रेत धोका फार कमी असला तरी तो शून्य मानत नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावे लागते.

आमचा टेक्निशियन आड जातो कारण तो दिवसभर, वर्षानुवर्षे हेच काम करतो. तुम्हाला त्या फोटोतून निदान मिळते, त्याला मिळतात ती नुसती किरणे. त्याच्या छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे त्याला किती किरणे मिळाली ते नोंदवणारा बिल्ला, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक परिषदेने अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. अंतराचाही मोठा उपयोग होतो: किरणांच्या उगमापासून दुप्पट लांब गेले की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून नातेवाइकांनी बाहेरच थांबावे आणि दारावरचा लाल दिवा लागलेला असताना दार उघडू नये.

लहान मूल हलले की फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. धरायला कोणी लागलेच तर शिशाचा एप्रन आम्ही देतो. आईला दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर बाबांनी किंवा आजोबांनी धरावे.

पाळी चुकली असेल तर फोटोआधी जरूर सांगा. सासूबाईंसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर काउंटरवरच्या ताईंना बाजूला बोलावून सांगा. त्या कोणापाशी बोलणार नाहीत. तसे असले तरी फोटो रद्दच होतो असे नाही. छातीच्या फोटोत गर्भापर्यंत फारच थोडे पोहोचते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

फोटो झाल्यावर अंगात काही उरत नाही. दिवा मालवला की खोलीत उजेड राहत नाही, तसेच हे. घरी जाऊन लगेच बाळाला पाजले तरी चालते. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन देतात त्याची गोष्ट वेगळी: तिथे औषधच शरीरात जाते आणि काही दिवस इतरांपासून अंतर ठेवावे लागते. ते आमच्याकडे दिले जात नाही. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर आणि एमआरआय चुंबकावर चालतो, त्यांत ही किरणे नसतात.

येताना जुन्या फिल्म आणि रिपोर्ट घेऊन या, घडी न घालता. मागच्या महिन्यातला फोटो पुरेसा असेल तर आम्ही तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारतो आणि नवा काढत नाही.